रुबार्बचा वाफा आणि एडविन गॉर्स

मी, लायनेल प्रॅटली, निवृत्त लढाऊ वैमानिक, राहणार सॉल्टहेव, सफोक, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. माझा युद्धातला जोडीदार एडविन गॉर्स याचे मत वेगळे आहे, ते विचारात घेऊ नये. आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. माझे विमानातले बूट भाचा रूपर्ट यास. ते घालून त्याने युद्धाच्या गप्पा ठोकू नयेत.

२. राहते घर, परसातल्या रुबार्बच्या, म्हणजे आंबट लाल देठांच्या भाजीच्या, वाफ्यासह, एडविन गॉर्स यास. त्याचे घर कड्यावर आहे आणि कडा समुद्रात ढासळतो आहे. गेल्या हिवाळ्यात न्हाणीघर गेले. माझ्याकडे ये म्हटले, तर म्हणाला, "मी कुणाच्या उपकारात राहत नाही." तरी हे उपकार नव्हेत.

युद्धात ढग खाली आले की आम्ही दोघेच लाटांना चिकटून हॉलंडवर जायचो, दिसेल त्या आगगाडीवर गोळ्या झाडायचो आणि ढगात शिरून परतायचो. या कामगिरीचे गुप्त नाव 'रुबार्ब'. मी पुढे, नजर पाण्यावर. एडविन मागे, थोडा वर, नजर माझ्यावर. त्याने पाण्याकडे बघायचेच नाही. एकदा तो फारच खालून उडाला आणि विमानाच्या शेपटीला कुणा डच बाईचा परकर अडकवून आला. अजून म्हणतो, कपडे वाळत घालायची दोरीच उंच बांधली होती.

माझ्या बायकोने, हेस्टरने, फोनवर ऐकले, "उद्या रुबार्ब." तिने एडविनला विचारले, रुबार्ब आणायला जाता का? गुपित राखायचे म्हणून हा पठ्ठ्या म्हणाला, "हो, तिकडचे देठ जास्त रसाळ असतात." मी परतलो तेव्हा तिने सगळे गुलाब उपटून रुबार्ब लावला होता. म्हणाली, "आता घरचाच आहे. तू जाऊ नकोस." मला रडू आले. हेस्टर गेली, वाफा अजून दरवर्षी फुटतो. त्याला पाणी घालणारे कुणीतरी हवे.

३. साक्षीदाराला वारसा मिळत नाही, हे एडविनला ठाऊक आहे. घर नाकारायला तो साक्षीदार म्हणून सही ठोकेल. सह्या होईपर्यंत त्याला रुबार्ब तोडायला परसात पाठवावे.

सॉल्टहेव, १८ एप्रिल १९७४.
लायनेल प्रॅटली

आमच्यादेखत सही केली:
आल्फ टिबेट, पोस्टमन
विनिफ्रेड क्रेक, बेकरीवाली

ता. क. सह्या वाळल्यावर एडविन देठांची जुडी घेऊन आत आला. कागद वाचून त्याने जुडी टेबलावर ठेवली.

"म्हणजे याही खेपेला मागे मीच राहायचं?"

"मागे, आणि थोडा वर," मी म्हणालो. "पाण्याकडे बघू नकोस."