निघोज्याची शेड आणि रंगवलेल्या चार खुर्च्या

मी, यशोदाबाई अर्जुनराव येळवंडे, वय एकोणसत्तर, धंदा जुन्या खुर्च्यांची खरेदी-विक्री, राहणार निघोजे, तालुका खेड, जिल्हा पुणे, आज माझ्याच घरात, माझ्याच टेबलाशी बसून हे मृत्युपत्र लिहून देते. माझे डोके ठिकाणावर आहे. हे वाक्य सगळेच लिहितात. मला ते मुद्दाम लिहावे लागते, कारण माझ्या मुलाने गावभर उलटे सांगून ठेवले आहे. उद्या सकाळी पुण्याच्या इस्पितळात माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे, म्हणून जे लिहायचे ते आजच. मसुदा राजगुरुनगरच्या वकील श्रद्धाताई लिहून घेत आहेत. भाषा तुमची ठेवा, पण माझे बोलणे गाळू नका, असे मी त्यांना बजावले आहे.

१. निघोजे येथील राहते घर आणि रस्त्याकडेची पत्र्याची शेड, तिच्या मागच्या खोलीसह, या दोन्ही मिळकती माझ्या स्वकष्टार्जित आहेत. सासरच्या जमिनीचा यांच्याशी संबंध नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

२. राहते घर आणि बँकेत जे काही असेल ते माझा एकुलता एक मुलगा गणराज याला द्यावे. घर त्याचेच आहे, याबद्दल माझ्या मनात कधी दुसरे आले नाही. माझे दागिने त्याची मुलगी आरोही हिला द्यावेत, पण तिच्या लग्नाची वाट बघत कपाटात कोंडून ठेवू नयेत.

३. शेड, मागची खोली, त्यातला सगळा माल, रंधे, पटाशा आणि वेताचे भारे दीपमाला घुगे हिला मालकी हक्काने द्यावेत. दीपमाला परभणीकडची. चाकणला कंपनीत काम मिळाले म्हणून नवरा तिला घेऊन आला आणि इथेच टाकून गेला. तेव्हापासून ती मागच्या खोलीत राहते आणि माझ्या खुर्च्यांचे वेत विणते. नात्याने ती माझी कुणी नाही, आणि अडचण तीच आहे. मी न लिहिता गेले तर तिला त्या खोलीतून बाहेर काढायला कुणालाही कायदा विचारावा लागणार नाही. गणराजने शेड ट्रान्सपोर्टवाल्याला भाड्याने द्यायचे बोलूनही ठेवले आहे.

४. शेडवर माझी रीत चालू ठेवावी. आपण बिनहाताच्या खुर्च्या विकतो, टेबलाशी किंवा भिंतीला लावायच्या. गिऱ्हाईक मोशी-वाकडच्या नव्या फ्लॅटमधले असते आणि आल्या आल्या सहाचा सेट मागते. त्याला आधी त्याचे घर विचारावे. टेबल केवढे, ऊन कुठून येते, घरात मांजर आहे का. मांजर असेल तर वेताची खुर्ची देऊ नये, नखांनी तिची चाळण होते. खुर्ची नेहमी उलटी करून दाखवावी. वरून सगळ्याच देखण्या दिसतात. खालून कळते की सांधा लाकडी खुंटीचा आहे की मागाहून खिळे ठोकले आहेत. मग फरशीवर ठेवून चारही पाय टेकतात का ते पाहावे. बारीक पिवळा भुसा गळत असेल तर खुर्ची फुकट मिळाली तरी घेऊ नये, तिच्यातली कीड शेजारच्या खुर्चीलाही पोखरते. जुना सेट पुरा मिळत नसेल तर वेगवेगळ्या घ्या म्हणावे, बसायची उंची सारखी असली म्हणजे झाले. शेवटचे म्हणजे खुर्ची आठवडाभर घरी नेऊ द्यावी. घरातले कुणी आपण होऊन रोज तिच्यावर बसायला लागले तरच ती विकली असे समजावे. गणराज याला खुळेपणा म्हणतो. या खुळेपणावर त्याचे शिक्षण झाले आहे.

५. पुण्याचा एक डेकोरेटर नव्या खुर्च्यांना चहाचे पाणी फासतो, साखळीने मारून पोचे पाडतो आणि त्या इंग्रजांच्या काळातल्या म्हणून विकतो. त्याचे नाव लिहून मी हा कागद खराब करणार नाही. त्याला शेडच्या आत घेऊ नये. पाणी मागितले तर बाहेर द्यावे.

६. आता घरातल्या चार सागवानी खुर्च्या. माझे यजमान अर्जुनराव कंपनीच्या बसवर ड्रायव्हर होते. खडकीच्या एका बंगल्याच्या लिलावातून त्यांनी या खुर्च्या बसच्या टपावर टाकून आणल्या आणि माझा धंदा तिथून सुरू झाला. पहाटपाळीची बस सोडून आले की ते दाराशेजारच्या खुर्चीवर डोके मागे टेकून बसत. पाठीच्या वरच्या पट्टीवर त्यांच्या डोक्याच्या तेलाचा डाग पडला होता. ते गेल्यावरही मी तो पुसू दिला नाही.

गणराज कंपनीत रंगाच्या लाइनवर सुपरवायझर आहे. गेल्या वर्षी मी दीपमालाच्या भावाच्या लग्नाला परभणीला गेले असताना त्याने चारही खुर्च्या नेल्या, घासल्या आणि त्यांना मोटारीचा चंदेरी रंग मारून आणल्या. वेत काढून रेक्झिन बसवले. मी आले तेव्हा तो हसत दारात उभा होता. "आई, शोरूममधनं काढल्यासारख्या झाल्या का न्हाई?" मी ओरडले. मग काचेचा तुकडा घेऊन अंगणात बसले आणि हाताला रक्त येईपर्यंत ती दाराशेजारची खुर्ची खरवडत राहिले. रंगाखाली लाकूड लागले, पण डाग उरला नव्हता. लोकांनी हे पाहिले, आणि आईचे डोके फिरले ही गोष्ट तेव्हापासून सुरू झाली. ब्लडप्रेशर तपासायचे म्हणून त्याने मला डोक्याच्या डॉक्टरकडे नेले. त्या डॉक्टरांनी मी ठीक असल्याचे लिहून दिले आहे, तो कागद सोबत जोडला आहे. या चारही खुर्च्या गणराजला द्याव्यात. मला त्याचा अजून राग आहे.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी शेजारचे दादासाहेब कड यांनी करावी. पहिले साक्षीदारही तेच आहेत आणि समोर बसले आहेत. दुसऱ्या साक्षीदार मंजुळाबाई यायच्या होत्या. आत्ताच त्यांचा फोन आला. "यशोदे, माझा नातू गणराजच्या हाताखाली हाय गं. मला न्हाई जमायचं." गावातली निम्मी पोरे त्याच्याच ओळखीने कामाला लागली आहेत, तेव्हा कुणाकडे जावे? श्रद्धाताई म्हणतात, मसुदा लिहिणाऱ्यानेच साक्ष घातली तर उद्या कोर्टात त्यावर बोट ठेवतील. दुसरी सही झाली नाही तर हा कागद रद्दीत जाईल आणि दीपमाला रस्त्यावर. मला भीती वाटते आहे.

८. वरचे कलम लिहीत असतानाच गणराज आला. मृत्युपत्रात असले काही लिहीत नाहीत, असे श्रद्धाताई म्हणाल्या. मी म्हटले, लिहा.

त्याने उभ्यानेच कागद उचलला आणि तिसऱ्या कलमाशी थांबला.

"शेड तिला? हे तिनंच लिहून घेतलंय."

"ती वेत आणाय पुण्याला गेलीय. तिला यातलं काय बी ठाऊक न्हाई."

"दादासाहेब, तुमी तरी सांगा. ही रोज खुर्च्यांशी बोलती."

"मी म्हशीशी बोलतो," दादासाहेब म्हणाले. "मला बी ने डॉक्टरकडं."

गणराज हसला नाही. तो पुढे वाचत गेला आणि सहावे कलम त्याने दोनदा वाचले.

"तो डाग आबांचा होता?"

"व्हय."

"मला वाटलं, मळ हाय. मीच घासला, आई. निघंना म्हणून दोनदा पॉलिशपेपर मारला. कंपनीत जुनं नवं करून दिलं की सायेब खूश होतो. मला वाटलं तू बी होशील."

"ठाऊक हाय मला. म्हणून तर जास्त लागलं."

तो खाली बसला. मी त्याला म्हटले, "मंजुळाबाई तुला भिऊन आली न्हाई. आता तूच साक्ष घाल." मुलगा साक्षीदार झाला तरी त्याला घर मिळण्यात अडचण नाही, असे श्रद्धाताईंनी त्याला सांगितले.

"मी सही केली तर शेड गेली."

"गेली. शेड तुला पटायची गरज न्हाई. मी शुद्धीत हाय का न्हाई, तेवढंच लिही."

"आणि न्हाई केली तर?"

"तर तू गावात सांगितलंस तेच खरं धरतील. मी उद्या ऑपरेशनच्या टेबलावर गेले तर वेडी म्हणूनच जाईन."

बाहेर दोनदा हॉर्न वाजला, शेड बघायला आलेला ट्रान्सपोर्टवाला गाडीत बसून होता. मी आता सही करते आहे. पुढचे गणराजने ठरवायचे आहे.

हे सगळे मला वाचून दाखवले, मला ते समजले आणि ते माझ्या मर्जीप्रमाणे आहे.

सही: यशोदाबाई अर्जुनराव येळवंडे
ठिकाण: निघोजे
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार

१. यशोदाबाईंनी आम्हां दोघांसमोर सही केली.
सही: दादासाहेब बबनराव कड, राहणार निघोजे

२. (स्वतःच्या अक्षरात) आईने माझ्यासमोर सही केली. शेड दीपमालाताईला दिल्याचे मी वाचले आहे. ते मला मान्य नाही. आई पूर्ण शुद्धीत आहे.
सही: गणराज अर्जुनराव येळवंडे, राहणार निघोजे