ह्यांनी काही पाहिलं नाही

३ जुलै, गुरुवार

कुकरची शिट्टी! अर्धं पान वाचून झालं होतं, एकदाही अडखळले नव्हते — आणि शिट्टी. योगिनी गोधडीच्या फटीतून डोकं काढून ओरडली, "पप्पाऽ!" ओरडून काय उपयोग? तोफखान्यात नोकरी करून कान गेले त्या माणसाचे. हे आपले शेगडीपाशी उभे, वाफ बघून शिट्ट्या मोजतायत. कानाचं मशीन लावा म्हटलं तर डोक्यात भुंगा फिरतो म्हणे. मशीन कपाटात, डबीत झोपलंय.

योगिनीची फिल्म. कारगिलच्या वेळी तोफांवर असलेल्या आपल्या नाशिककडच्या जवानांवर. निवेदन मी करायचं. का, तर आईचा आवाज चांगला! आणि फुकटात! आवाज घुमू नये म्हणून आतल्या खोलीत दोरीवर गोधड्या टांगल्यात, त्यात मी घामाघूम. कागदावर वाक्यं योगिनीची — "युद्धात कोणीच जिंकत नाही" वगैरे. चौथीच्या वर्गाला सुविचार सांगावा तसं वाचलं. आवडलं तिला.

५ जुलै

सकाळी पोह्यांवर भांडण. योगिनी आणि श्रेयस. श्रेयस तिच्या बरोबरीने फिल्म करतो. पंचवटीतला, घरात पूजाअर्चा सांगायचा व्यवसाय, हा मात्र गळ्यात कॅमेरा घालून हिंडतो. गुणी मुलगा, पण हट्टी.

"काकू, लढाई झाली तशी दाखवायची. बस. वर आपण शिकवायला कशाला पाहिजे? बघणारा ठरवेल."

"नुसती दाखवली की लोक शिट्ट्या मारतात," योगिनी म्हणाली. "आपल्याला काय वाटतं ते सांगायलाच हवं."

"मग भाषण कर ना, फिल्म कशाला?"

झालं! दोघंही माझ्याकडे बघायला लागले, जसं काही मी सरपंच. मला श्रेयसचं ऐकताना श्रेयसचं पटतं, योगिनीचं ऐकताना योगिनीचं. म्हटलं, आधी पोहे गिळा, गार होतायत.

हे मध्येच म्हणाले, "काय म्हणतायत गं?" ह्यांना फक्त माझे ओठ वाचता येतात. लेकीचे नाही, ती भरभर बोलते. मी समोर वळून सांगितलं — भांडतायत, लढाईबद्दल बोलावं की नुसती दाखवावी म्हणून. हे हसले. "बाई, कांदा थोडा कमी पडलाय."

मला बाईच म्हणतात. लग्न झालं तेव्हा नुकती शाळेत लागले होते, तेव्हापासून.

६ जुलै

घसा बसला. निवेदन दोन दिवस बंद. देव पावला.

९ जुलै

आज फिल्ममधलं एक दृश्य पाहिलं. बघायला नको होतं.

एका निवृत्त साहेबांनी त्या वेळी डोंगरावरून स्वतःच्या कॅमेऱ्याने काढलेली टेप आहे. लांबवर कडा, त्यावर दगड रचून केलेला आडोसा. आडोशातून एक माणूस बाहेर येतो. हातात डबा. पाणी आणायला निघाला असावा. दोन-चार पावलं टाकतो, आणि पांढरा धूर. धूर गेल्यावर आडोसाही नाही, माणूसही नाही.

शत्रूचाच होता, माहीत आहे मला. पण डबा होता हो हातात!

म्हटलं, हे काढून टाका. योगिनी आणि श्रेयस — जन्मात एकमत नाही त्यांचं — दोघंही एका सुरात म्हणाले, नाही! तिला ठेवायचंय, त्यावर माझ्या आवाजात दोन वाक्यं घालून. त्याला ठेवायचंय, अवाक्षर न घालता. मी म्हटलं, तुमचं काय ते तुम्ही बघा, पण हे फिल्म बघायला येणार आहेत. ह्यांनी हे बघायचं?

ह्या पोरांना कळत नाही. तोफ डोंगराच्या अलीकडे असते आणि गोळा पलीकडे पडतो. पुढे वर चढून दुर्बिणीतून बघणारे वेगळे. ते आकडे कळवतात, खालचे तोफ फिरवतात. हे खालचे. तेव्हा पत्रात तसंच लिहायचे — मी मागे आहे, तोफेवर, काळजी करू नकोस. योगिनी पोटात होती. सायखेड्याला सासरी होते मी. गावातले लोक येऊन येऊन घाबरवायचे. मी त्या एका वाक्यावर रात्री झोपायचे. ह्यांचे हात ग्रीसने भरले असतील, पण डोळ्यांनी काही पाहिलं नाही. म्हणून तर इतका शांत माणूस घरी परत आला. तो मला शांतच ठेवायचाय.

१० जुलै

ह्यांची मुलाखत. अंगणात खुर्ची, मागे जास्वंद. योगिनी विचारणार, मी ह्यांच्यासमोर बसून ओठ नीट हलवून तेच विचारणार, मग हे बोलणार. तिकडे काय जेवायचात, तर पुऱ्या आणि लोणच्यावर केवढं बोलले! थंडीवर बोलले. तोफेला नाव ठेवलं होतं, ते सांगताना लाजले.

मग योगिनीने विचारलं, "गोळा पडतो तिथे काय होतं, ते कधी पाहिलंत का?"

मी नाही विचारलं. सरळ कॅमेऱ्याकडे वळून सांगितलं, "नाही गं. ह्यांनी काही पाहिलं नाही."

हे माझ्याकडे बघून हसले आणि मान डोलावली.

नंतर योगिनी आत येऊन फणकारली. "आई, तू प्रश्नच पोचवला नाहीस!"

"उत्तर माहीत असताना कशाला पोचवू?"

"उत्तर त्यांचं होतं!"

उचलली जीभ लावली टाळ्याला. ती नव्हती तेव्हापासून सांगतेय मी हे उत्तर सगळ्यांना.

१३ जुलै

सायखेड्याला. सोमनाथ भावजींना फिल्मचं कळलंय. "वहिनी, नुसतं दुःख नका दावू बरं का. दणादण तोफा उडू द्या! लोक लय येतील. अन् शेवटी भारत माता की जय, नाय तर मजा नाय." जाऊबाई म्हणाल्या, "तुम्ही गप ऱ्हा. बैलाला चाबूक मारताना हात थरथरतो अन् तोफा उडवा म्हणे!" हसून हसून पोट दुखलं. ह्यांना सगळं ओठांनी सांगितलं, हेही हसले. परतताना भावजींनी पिशवीभर वांगी दिली.

१६ जुलै

जे नको होतं तेच झालं.

श्रेयस आणि योगिनी लॅपटॉपवर तेच दृश्य कापत होते. कुठे सुरू करायचं, कुठे संपवायचं. असंच असतं म्हणे त्यांचं काम — पुन्हा मागे न्यायचं, पुन्हा लावायचं. माणूस बाहेर येतो. धूर. मागे. माणूस बाहेर येतो. धूर. मागे. दाराकडे पाठ होती दोघांची. मी वांगी चिरत होते. मान वर केली तर हे दारात उभे! हातात सगळ्यांचा चहा. किती वेळ उभे होते कोण जाणे. चहावर साय धरली होती.

म्हणाले, "कितीदा मारताय गं त्याला?"

एवढंच. आवाजात राग नाही, काही नाही. आपण किती मोठ्याने बोलतो हे ह्यांना कळत नाही, पण आज अगदी हळू बोलले. योगिनीने लॅपटॉप मिटला. श्रेयसचं तोंड एवढंसं झालं.

मी ह्यांच्या हातातून ट्रे घेतला आणि दोघांवर तोफ डागली. "झालं समाधान? दाखवायचं होतं ना? दाखवलंत! इतकी वर्षं जपलेला माणूस माझा!" आणि मग रडू आलं. हे माझ्या खांद्यावर थोपटत राहिले. उलटं! मी ह्यांना थोपटायचं की ह्यांनी मला?

१७ जुलै

हे जेवले. भाकरी दुधात कुस्करून, नेहमीसारखे. जास्वंदीला पाणी घातलं, पावसाळ्यात! मी टोकलं नाही.

२० जुलै

ह्यांनी स्वतःहून दोघांना बोलावलं. श्रेयस शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा उभा.

"ते ठेवा," हे म्हणाले. "पण एकदाच. आणि त्याच्यावर बाईंचा आवाज नको."

योगिनीने मला डोळ्यांनी विचारलं. मी ह्यांना विचारलं — का नको?

"तुला त्याच्यात नको घ्यायला."

म्हणजे बघा! ज्या माणसाला माझा आवाज धड ऐकूही येत नाही, तो म्हणतो आवाज नको! इतके दिवस गोधड्यांत घामाघूम झाले ते काय उगीच? मी तोंड फुगवून आत गेले. संध्याकाळी हे गजरा घेऊन आले. ह्या वयात! घेतला मी. रुसवा जरा ओसरला.

श्रेयस जिंकला म्हणायचं. पण खूश दिसत नाही पोरगा. योगिनी भांडली नाही. म्हणाली, "पप्पा म्हणतात तर तसंच."

२६ जुलै, शनिवार

नाशिकरोडला छोट्या हॉलमध्ये दाखवली. माजी सैनिक, बायका, लेकीसुना. खुर्च्या कमी पडल्या. भावजी पुढे बसले होते, टोपी घालून.

माझा आवाज लागला तेव्हा अंगावर काटा आला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, ओठांनी विचारलं — तूच ना? कसं कळलं असेल? म्हणाले, तुझ्या वर्गातल्या पोरांसारखे लोक मान हलवतायत ना.

मग ते दृश्य. आवाज बंद, सगळं शांत. माणूस, डबा, धूर. आणि मागून टाळ्या! कोणीतरी शिट्टीही मारली. योगिनीचा चेहरा बघवेना. तिची भीती खरी ठरली.

तेवढ्यात हे उभे राहिले. टाळ्या तर ह्यांना ऐकूच आल्या नाहीत. सरळ, हात मांड्यांना चिकटवून उभे. मी शर्ट ओढला — बसा हो, मागच्यांना दिसत नाही. बसले नाहीत. टाळ्या हळूहळू विरल्या. भावजी मागे वळून बघत राहिले, मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. पुढचं दृश्य लागलं तेव्हा हे बसले.

पाय अवघडला असेल म्हटलं. रिक्षात विचारलं तर बाहेर बघत राहिले. अंधारात ओठ दिसले नसतील.

२७ जुलै

पाय अवघडलेला माणूस असा उभा राहत नाही.

२९ जुलै

आज अंगणात ह्यांच्यासमोर बसले. उजेड तोंडावर येईल अशी. त्या दिवशी न पोचवलेला प्रश्न विचारला.

हे बराच वेळ माझ्या ओठांकडेच बघत राहिले, बोलून झालं तरी. मग माझा हात हातात घेतला. "दुर्बीण माझ्याच हातात असायची, बाई. तू पोटुशी होतीस, काय लिहिणार होतो पत्रात? आणि आलो तर तू सगळ्यांना सांगत सुटली होतीस — ह्यांनी काही पाहिलं नाही. इतकं बरं वाटायचं तुला ते सांगताना! म्हटलं, राहू दे."