तांबड्या पेन्सिलीची रेघ

बेळगाव, सोमवार

प्रिय अनय,

या पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे: तू मागितलेला नकाशा घेऊन येत्या शनिवारी त्या किनाऱ्यावर जाणे अयोग्य आहे. पत्र दोनदा लिहून फाडले, हे तिसरे.

नकाशा १९१२च्या मोजणीचा. कारवारच्या दक्षिणेचा तो निर्मनुष्य किनारा, एक इंचास एक मैल. कड्याच्या पायथ्याने जाणारी पायवाट त्यात तुटक रेघेने दाखवली आहे, आणि तिच्यावरून तांबड्या पेन्सिलीची एक रेघ ओढलेली आहे. १९८६ साली ती वाट तेथे नव्हती, हे मी डोळ्यांनी पाहिले. सकाळपासून चार वेळा नकाशा उघडला आणि मिटला. घडीवर तो आता फाटू लागला आहे.

त्या वर्षी आम्ही तिघे होतो: निपाणीचे तुझे वडील निशांत, मी आणि खानापूरचा मष्णू, ज्याची निम्मी हयात त्या रानात लाकूडतोडीत गेली होती. मष्णू म्हणाला, "वरनं डोंगरातनं जाऊया. खालची वाट दर्यानं कवाच गिळलीया." मी त्याला कायदा ऐकवला: लेखी पुरावा असता तोंडी पुरावा ग्राह्य नसतो. तो हसला. "कागदाला भरती कळत न्हाय, वकीलसाहेब." आमची सीमाभागातली पिढी जन्मभर जुन्या कागदांच्या आधारे भांडली, कागद चुकत असेल, हे माझ्या मनाला शिवलेही नाही.

निशांतने मष्णूचे न ऐकता हट्टाने खालची वाट धरली, असे तुझ्या आईने तुला सांगितले, कारण मी वहिनींना तसे सांगितले होते. पंचनाम्याच्या वेळी पोलिसांना दिलेली माझी जबानीही तीच. मष्णूला कोणी विचारले नाही.

परवा फोनवर तू म्हणालास, "काका, बाबांनी आखलेल्या रेघेवरनं एकदा चालायचंय. आमच्या घरात हट्टी दोघंच, ते आणि मी." तेव्हापासून मला चैन नाही. तुझी गाडी हद्दीवरचा कोगनोळी नाका ओलांडण्यापूर्वी हे तुझ्या हाती पडले पाहिजे.

ती तांबड्या पेन्सिलीची रेघ माझी आहे. निशांतला मष्णूचे पटले होते; तो थबकला. मी म्हणालो, "निपाणीकरांना तंबाखू कळते, पाणी बघितलं की पाय लटपटतात." तो हसला, बूट काढून गळ्यात अडकवले आणि माझ्यापुढे उतरला. लाट त्याला घेऊन गेली; मी दहा पावले मागे होतो, म्हणून वाचलो.

नकाशा सोबत आहे, पुरावा म्हणून. तुझे वडील हट्टी नव्हते. ती वाट मी निवडली आणि त्यांना तिच्यावर मी उतरवले. ही चूक माझी आहे, आणि तिच्याखाली मी सही करीत आहे.

तुझाच,
उपेंद्रकाका