आयव्हीला लिहिलेली चार पानं

प्रिय वेंडेल,

गेल्या आठवड्यात आयव्हीचं पत्र आलं. मार्चमध्ये आपल्या त्या लांब डोंगरवाटेनं जॉर्जियातून एकटीच पायी निघणार म्हणते, थेट उत्तरेला मेन राज्यापर्यंत. वाटेवरच्या संडासाचं बापाला कसं विचारायचं, म्हणून मला विचारलंय. तुझी मुलगी असून लाजते, याचं जरा नवल वाटलं.

मी चार पानं लिहिली. पाण्यापासून सत्तर पावलं लांब जायचं. खुरप्यानं वीतभर खोल खड्डा करायचा, तोही घाई लागायच्या आधी. पुसायचा कागद मातीत पुरायचा नाही, दुहेरी पिशवीत बांधून बरोबर न्यायचा. छोट्या बाटलीतल्या पाण्यानं धुतलं तर कागद फारसा लागतही नाही. आपल्या अमेरिकेत हे ऐकून लोक तोंड वाकडं करतात, पण महिनाभर चालून मांड्या सोलवटल्या की पटतं. खाऊच्या पिशवीत कुणाला हात घालू द्यायचा नाही, तळहातावर ओतून द्यायचं.

मेनमधल्या त्या निवाऱ्याची तुला आठवण असेलच. तीन दिवस पाऊस, आणि तू ओकून ओकून इतका गळालास की पाणीही पोटात ठरेना. शेवटी वनरक्षकांनी तुला स्ट्रेचरवरून खाली नेलं. वाट जिथं संपते त्या डोंगरापर्यंत शंभर मैल उरले होते. तू म्हणालास, "तू जा गं. दोघांनी इथं बसून काय करायचं? वर पोचलीस की माझ्या वतीनं डोंगराला एक शिवी घाल." मी गेले. शिवीही घातली. पुढच्या वर्षी तुझ्या बायकोला आयव्ही झाली, मग तुझं कंबरेचं दुखणं सुरू झालं, आणि ते शंभर मैल राहिलेच. दर थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला तू सांगतोस, "झऱ्याचं पाणी न गाळता प्यायलो, माझाच गाढवपणा." सगळे हसतात. बावीस वर्षं मीही हसते आहे.

झऱ्यात काही नव्हतं, वेंडेल. आदल्या दिवशी माझं पोट बिघडलं होतं. चार वेळा झाडीत गेले. तुला सांगितलं असतं तर तू गावात दोन दिवस थांबायला लावलं असतंस, आणि हिवाळ्यासाठी डोंगर बंद व्हायला दहाच दिवस उरले होते. साबण पाठपिशवीच्या तळाशी होता. मी नुसतं हाताला जंतुनाशक जेल चोळलं. असं पोट बिघडवणाऱ्या जंतूला जेलनं काही होत नाही, हे मला नंतर कळलं. मग शेंगदाण्यांच्या पिशवीत मी हात घातला आणि पिशवी तुझ्यापुढे धरली.

आयव्हीला नुसतं 'साबणानं हात धू' लिहिलं असतं तर तिनं वाचून सोडून दिलं असतं. म्हणून घडलं तसं लिहिलं. नावं घातली नाहीत, पण ती ओळखेल. तिच्याआधी तुला कळावं, म्हणून हे पत्र. तिचं पाकीट सोमवारी टपालात टाकते. रविवारी मी दिवसभर घरीच आहे. तुझा फोन आला नाही तरी ते जाईल.

तुझी वाटेवरची सोबतीण,
कोरिन