तंबूतला बिनतोंडाचा जवान

आबा, परवा नातवानं टीव्हीवर एक जुना इंग्रजी सिनेमा लावला आणि मी हातातली मेथी तशीच ठेवून बघत बसले. काळापांढरा, बाहेर बर्फ पडतंय, आणि अख्ख्या डोक्याला पट्ट्या गुंडाळलेला एक माणूस खानावळीचं दार ढकलून आत येतो. मी म्हटलं, "अरे, हा तर आमचा जवान." नातू हसला. म्हणाला, "आजी, हा शास्त्रज्ञ आहे. औषध घेऊन अदृश्य झालाय, आता डोकं फिरून गावाला छळणार. गाजलेल्या कादंबरीवरून काढलाय." असेल बापडा. आपल्याला रहिमतपूरकडच्या त्या जत्रेत सिनेमाच्या तंबूवाल्यानं वेगळंच सांगितलं होतं, आणि मला अजून तेच खरं वाटतं.

लढाई संपून तुम्ही पुण्याच्या इस्पितळातून घरी आलात तेव्हा मी दुसरीत होते. गाडी पेटली, तुमचं तोंड भाजलं, एवढंच आईनं सांगितलं होतं. ते तोंड मात्र आम्हाला दिसलं नाही. लष्करातला हिरवा मफलर डोळ्यांखालपर्यंत घट्ट, वैशाखातसुद्धा. जेवायला तुम्ही ताट घेऊन गोठ्यात जायचात. म्हशीकडं तोंड, आमच्याकडं पाठ. आई दारातून म्हणायची, "म्हशीचं नशीब लय चांगलं. तिला तरी धन्याचं तोंड बघाय मिळतंय." मग ती आत येऊन पेटलेल्या चुलीत उगाच फुंकर घालत बसायची, म्हणजे डोळे पुसायला निमित्त. मला तर तुम्ही परत आलात असं वाटायचंच नाही. तुम्ही घरात असून मला तुमची आठवण यायची. एकदा, फक्त एकदा तुम्ही आमच्यात बसून जेवावं, एवढंच मागणं मी देवाकडं रोज मागत होते.

जत्रेतल्या सिनेमाला तुम्ही तयार झालात ते अंधारामुळं, हे आईला बरोबर कळलं होतं. तंबूत मधे कनात, एकीकडं बाया, एकीकडं बापे. मी लहान म्हणून तुमच्या मांडीला टेकून बसले. देवाचा मराठी सिनेमा लागायचा होता, पण एस्टीनं आलेल्या पेट्यांत भलतीच रिळं निघाली. माणसं तर भरलेली. मग तंबूवाल्यानं कर्णा हातात घेतला, "इंग्रजी हाय मंडळी, पर आमी सांगतो समजून." त्यानं स्वतः तो सिनेमा कधी बघितला नव्हता, इंग्रजीशी त्याचा संबंध नव्हता. पडद्यावर बर्फ दिसलं, पट्ट्या दिसल्या, आणि आपल्या भागात त्याचा अर्थ एकच होतो. घरटी एक माणूस फौजेत. तो म्हणाला, "हा जवान हाय. बर्फातल्या लढाईत घायाळ झालाय. सुट्टीवर घरला चाललाय बिचारा."

झालं. सगळा तंबू त्या माणसाचा झाला. तो खानावळवालीवर खेकसला तर बायांकडून आवाज आला, "भुकेला असंल त्यो, भाकरी द्या की आदी." लोक त्याला हुसकायला आले तशी मागची पोरं त्यांनाच शिव्या द्यायला लागली. मी तुमच्याकडं बघत होते. तुमचा श्वास मफलरातून जोरात येत होता. आणि मग तो माणूस चिडतो, उभा राहतो, पट्ट्या सोडायला लागतो. एकेक वेढा निघतो आहे, आणि आत काहीच नाही. नाक नाही, डोळे नाहीत, मागची भिंत दिसते आहे. तंबूवाला कर्ण्यातून चाचरत म्हणाला, "मंडळी, लढाईत ह्याचं तोंडच ऱ्हायलं न्हाई."

सगळ्यांना तुम्ही तिथं बसलाय हे ठाऊक होतं. मला वाटलं, आता उठाल आणि निघून जाल, पुन्हा कधी घराबाहेर पडणार नाहीत. पण तुमचं पोट हलायला लागलं. तुम्ही हसत होता. मोठ्यानं म्हणालात, "आरं, माजं हाय की. वाकडं असंल, पर जाग्यावर हाय." आणि मफलर खाली ओढलात. कनातीपलीकडून आईचा आवाज आला, "आवं, मग उद्यापासनं घरात जेवा."

तंबू हसून लोळला. तंबूवाल्यानं पुढं काय सांगितलं ते कुणी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही चुलीपुढं पाट मांडून आमच्याकडं तोंड करून बसलात. गाल चुण्या पडून ओढला गेलेला, ओठाची एक कड मिटत नव्हती, तिथून आमटी ओघळायची आणि तुम्ही मनगटानं पुसायचा. मी टक लावून बघत होते. तुम्ही विचारलंत, "भ्या वाटतंय व्हय?" मी म्हटलं, "न्हाई." आई भाकरी थापता थापता रडत होती आणि या वेळी फुंकरीचं निमित्त काही केलं नाही.

हे पत्र मी धाकट्या भावालाही दाखवणार नाही, त्याला वाईट वाटेल. त्यानं तुमचा भरतीच्या वेळचा फोटो मोठा करून लावलाय. मिशीला पीळ, गाल गुळगुळीत, फार देखणा माणूस आहे. मीही हार घालते, हात जोडते. पण आबा, खरं सांगते, त्या माणसाला मी ओळखत नाही. मग मी डोळे मिटते आणि तुमच्या पाया पडते.