ओट्यासमोरचा खड्डा

प्रिय ठमे,

स्वयंपाकघरातल्या ओट्यासमोरचा खड्डा आज एकदाचा नीट बुजवला. बशीएवढा तर खड्डा, खोली बोटाच्या पेरभर. तुझी आई वर्षभर मागे लागली होती, पण चाळीस वर्षं गवंडीकाम केलेल्या माणसाला घरच्या कामाला मुहूर्त सापडेल तर शपथ! शेवटी तिने भांडी आपटायला सुरुवात केली, तेव्हा कुठून तरी उरलेला सिमेंटचा माल आणून वरच्यावर थापला. माझ्या हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर त्याची खरडपट्टी काढली असती. उथळ खड्डा आधी खोल करावा लागतो. कडा छिन्नीने उभ्या कापायच्या, धूळ काढायची, जुनं काँक्रीट भिजवायचं, मग माल भरायचा. नाहीतर नुसती खपली बसते आणि सुटते.

दादा बरा आहे. वहिनी मात्र पार खंगली. आई पडली त्या दुपारी तू धावत आलीस, स्वयंपाकघरात पाणी बघितलंस आणि वहिनी दवाखान्यातून कपडे न्यायला परतली तशी शेजारणींदेखत तिला बोललीस, की तू जमीन ओली ठेवलीस म्हणून माझी आई पडली. तिसऱ्या दिवशी आई गेली. दोन वर्षं झाली, तू या घरात पाऊल टाकलं नाहीस. वहिनीने उलट उत्तर दिलं नाही, कारण तिलाही तसंच वाटतं. सकाळी तिनेच जमीन पुसली होती ना. आता रोज पुसून झालं की कोरडं फडकं घेऊन गुडघ्यांवर बसते आणि कोपरा न् कोपरा टिपत सुटते. मी पेपर तोंडासमोर धरतो.

आज सकाळी खड्डा भरला, संध्याकाळी पाणी मारलं, तर वहिनी आलीच फडकं घेऊन. म्हटलं, राहू दे गं, नवं काम आठवडाभर ओलं ठेवावं लागतं. तिचा हात थांबला. मग हळूच विचारलं, त्या दिवशीही तुम्हीच पाणी मारलं होतं का. मी मान डोलावली. फडकं तिथेच टाकून ती आत गेली, दार लावून घेतलं. दोनदा हाक मारली, ओ देत नाही.

ठमे, आई पडली तेव्हा जमीन कोरडी होती. माझी खपली सुटली आणि तिच्या कडेला आईचा पाय अडकला. दादा-वहिनी तिला दवाखान्यात घेऊन गेले, तेव्हा मी मागे राहिलो. गवंड्याच्याच घरात असं, लोक काय म्हणतील, याची लाज वाटली गं. खपली परसात फेकली, घाईघाईने पुन्हा तसाच माल थापला, वर पाणी मारलं. पाण्याखाली नवं-जुनं कुणाला कळलं नाही. तू वहिनीवर ओरडत होतीस आणि मी भिंतीला टेकून गप्प उभा होतो. फोनवर हे माझ्या तोंडून निघालं नसतं, म्हणून लिहितोय. पत्र मिळताच ये. जमीन तेव्हाही ओलीच असेल. शेजारणींना गोळा कर आणि दारातूनच मोठ्याने विचार, पाणी कुणी मारलं. मी सांगेन.

मानलंस तर तुझाच,
बाबा