बॉयलरचा पत्रा आणि धाकटे दीर

मी, खाली सही करणारी, पत्र्याच्या कामावर संसार केलेली विधवा बाई, डोकं पूर्ण ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. राग मात्र भरपूर आहे, आणि तो ओसरायची वाट पाहिली तर लिहायचं राहून जाईल.

घर आणि बँकेतली शिल्लक मुलीला. कात्र्या आणि लाकडी हातोडे शेजारच्या पत्रेवाल्याला, कारण तो नेलेली वस्तू परत आणून देतो.

माझ्या नवऱ्याने बांधलेलं वाफेचं छोटं इंजिनही मुलीलाच. ते गेले तेव्हा बॉयलर उघडाच होता. त्याचं पितळी वेष्टन मी केलं: आधी कागदाचा नमुना, मग पत्रा, आत जाड लोकरी फेल्टचा थर, वरून पोटाखाली आवळायच्या पट्ट्या. बॉयलरला भोक पाडायचं नसतं. आत वाफ कोंडलेली असते, हे कोणाला सांगावं लागेल असं मला वाटलं नव्हतं.

मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते, तेव्हा धाकट्या दिरांना पत्रा एका कडेला फुगलेला दिसला. पट्टी आवळायची सोडून त्यांनी ड्रिल घेतलं, थेट बॉयलरमध्ये स्क्रू पिळले आणि वर पट्टी सरकवून ठेवली. पुढे छोटी इंजिनं चालवणाऱ्या हौशी लोकांच्या क्लबच्या रुळांवर तिथूनच वाफ उसळली आणि माझ्या मुलीचा हात भाजला. दीर सगळ्यांदेखत म्हणाले, "वहिनींनी बसवलाय पत्रा, दुसरं काय होणार?" लोक हसले. घरी बॉयलरवरची पट्टी काढल्यावर मी स्क्रू त्यांच्यापुढे धरले, तर म्हणतात, "मी हातसुद्धा लावलेला नाही." क्लबात अजून मला 'वाफवाल्या वहिनी' म्हणतात.

तांबटाकडून भोकं बुजवून घेतली आहेत, नवा पत्रा मीच बसवला आहे. इंजिन मुलीनेच चालवावं. दिरांना काहीही देऊ नये. माझ्या पश्चात त्यांनी माझं कौतुक करायला तोंड उघडलंच, तर हे कलम मोठ्याने वाचावं.

स्थळ: माझ्या घरातली कामाची खोली.
तारीख: सहीशेजारी घातली आहे.
सही: मृत्युपत्र करणारी.

साक्षीदार पहिले: डोळ्यांचे डॉक्टर. मी तेव्हा कुठे होते, हे त्यांना माहीत आहे.

साक्षीदार दुसरी: धाकटी जाऊ. हिला मी बोलावलं नव्हतं. भांडं परत द्यायला आली, उभ्या उभ्या सगळं वाचलं आणि म्हणाली, "ताई, पेन द्या." सहीखालचा मजकूर तिच्याच अक्षरात आहे:

ड्रिल यांनीच मारलं. बॅटरीचा उजेड धरून मी शेजारी उभी होते.